रानमेवा खावा, पण झाड ओळखून

मे महिना निम्मा सरला की भंडारदऱ्याहून बारीमार्गे घोटीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पानांचे द्रोण मांडलेले दिसू लागतात. द्रोणात काळीभोर करवंदं, वर एखादं लालसर राहिलेलं. शेजारी ठाकर नाहीतर महादेव कोळी समाजाची एखादी बाई, तिला टेकून बसलेली दोन पोरं, आणि पोरांचे ओठ चिकानं चिकटलेले. मोटार थांबली की पोरं उठून धावतात. ‘डोंगरची काळी मैना’ घेऊन शहरातला माणूस पुढं निघून जातो. त्या एका द्रोणामागं किती काटे हातात मोडले, याचा हिशेब त्याच्यापर्यंत पोचत नाही.

अकोले तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात हिंडताना एका वाडीवर एका आजीबाईंची गाठ पडली. वय विचारलं तर अंगणातल्या आंब्याकडं बोट करून म्हणाल्या, “ह्याच्या आदुगरची हाय मी.” आजी करवंदाला निघाल्या होत्या. बरोबर नात, आश्रमशाळेत सातवीला, सुट्टीवर आलेली. मीही मागोमाग निघालो.

जाळीपाशी पोचल्यावर आजींनी आधी हातातली काठी जाळीच्या बुडाला दोन-चार वेळा आपटली. “फुरसं असतंय बाबा, गारव्याला बसतंय. हात घालायच्या आदी आवाज करायचा.” मग वाकून, फांदी न मोडता, एकेक करवंद नुसतं बोटानं हलवून बघायच्या. पिकलेलं लगेच हातात येतं. ओढावं लागलं तर ते सोडून द्यायचं, दोन दिवसांनी पुन्हा यायचं. शहरातून आलेली मंडळी कोयत्यानं फांदीच तोडून घेऊन जातात, त्यांच्याबद्दल आजींनी जे शब्द वापरले ते इथं छापता येणार नाहीत.

नातीनं एक करवंद दातानं फोडून आत बघितलं. “कोंबडा!” आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हा खेळ आमच्याही लहानपणी होता, अजून आहे हे बघून बरं वाटलं.

पण खरी गोष्ट पुढंच घडली. उतरताना कुंपणावर चढलेल्या एका वेलीच्या वाळक्या शेंगा उकललेल्या होत्या आणि आत लालभडक, टोकाला काळा ठिपका असलेल्या बिया चमकत होत्या. नातीनं दोन तोडून हातात घेतल्या आणि सहज विचारलं, “आजे, ह्या खात्यात का गं?”

आजींनी तिच्या हातावर चापटच मारली. गुंज होती ती.

सोनाराच्या तराजूतली हीच गुंज. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. दिसायला मण्यासारखी. पण आतल्या विषाची जात अशी की चावून फोडून खाल्ली तर एखादी गुंजसुद्धा लेकराच्या जिवावर बेतू शकते. वरचं कवच कठीण असल्यामुळं न चावता गिळलेली गुंज पुष्कळदा तशीच बाहेर पडते. त्यावरूनच काही लोक म्हणतात, “आमच्या पोरानं खाल्ली, काही झालं नाही.” त्याला काही झालं नाही ते कवचामुळं, हे ध्यानात घ्यायला हवं.

आजींना वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. “हिला करवंद कळतंय, तोरण कळतंय, जांभळ कळतंय. बाकी काय कळत न्हाई. सुट्टीत येती ना ती.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आश्रमशाळेतली मुलं घरी येतात ती उन्हाळ्यात. त्यामुळं उन्हाळ्यात पिकणारं तेवढं त्यांच्या ओळखीचं. पावसाळ्याच्या शेवटी बांधावर येणारी चिरबोटी, हिवाळ्यातली बोरं, कांगोणी, आणि त्याच दिवसांत झाडावर वाळत असलेली विषारी बोंडं, या सगळ्याच्या वेळी मुलं शाळेत असतात. रानातली ओळख पुस्तकातून होत नाही. कुणाच्या तरी मागं हिंडूनच ती होते, आणि हिंडवणारं माणूस नि हिंडणारं लेकरू आता वर्षातला एकच महिना एकत्र असतात. शिकून मोठी व्हावीत म्हणूनच आपण मुलं शाळेत पाठवली, त्यात चूक काही नाही. पण ही बाजू कुणी मोजली नव्हती.

शेंगदाण्यासारखं लागतं, तेच घात करतं

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मी चौथीत होतो. आमच्या शाळेच्या मागं मोगली एरंडाचं कुंपण होतं. काही भागात याला चंद्रज्योत म्हणतात, अलीकडं सगळे जट्रोफा म्हणतात. गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लोक पूर्वीपासून लावतात. आम्हा पोरांना त्याचा वेगळाच उपयोग. देठ मोडला की चीक येतो, काडीची गोल कडी करून त्यात तो चीक धरायचा आणि फुंकर मारली की साबणासारखे फुगे उडतात. मधल्या सुट्टीत दुसरा धंदाच नव्हता.

एक दिवस एका मोठ्या मुलानं वाळलेलं बोंड फोडलं. आत तीन काळ्या बिया. काळं टरफल काढलं की आत पांढराशुभ्र गर. त्यानं खाऊन दाखवला. आम्हीही खाल्ला. शेंगदाणा आणि ओलं खोबरं यांच्या मधली चव. कडू नाही, तुरट नाही. मी तीन-चार बिया खाल्ल्या असतील, माझ्या शेजारच्या बाकावरच्या मित्रानं खिसाभर.

तासाभरात पोटात आग पडली. मग उलट्या, मग जुलाब. गुरुजींना वाटलं उन्हाचा त्रास, त्यांनी घरी पाठवलं. घरी आईला वाटलं दृष्ट लागली, तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. आम्ही दोघांनीही काय खाल्लं ते सांगितलं नाही, कारण सांगितलं तर मार बसेल ही भीती. तिन्हीसांजेला मित्राचे डोळे आत गेले, जीभ कोरडी पडली, तेव्हा कुठं बैलगाडी जुंपली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काय खाल्लं?” तेव्हा तो रडत रडत बोलला. दोन दिवस सलाईन लावावं लागलं. तो वाचला. आज त्याची स्वतःची नातवंडं आहेत.

हा प्रकार जुना झाला असता तर लिहिलं नसतं. पण मुलांनी चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्याची आणि त्यांना दवाखान्यात हलवल्याची बातमी राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून अजून येतच असते. बहुतेक वेळा जागा तीच, शाळेच्या मागचं कुंपण. वेळ तीच, मधली सुट्टी. एक खातो, त्याचं बघून बाकीचे खातात, म्हणून एकदम दहा-वीस पोरं आजारी पडतात. बहुतेक मुलं वेळेवर उपचार मिळाले की एक-दोन दिवसांत बरी होतात. उलटी-जुलाबानं अंगातलं पाणी जातं, धोका तो. लेकरू जितकं लहान आणि दवाखाना जितका लांब, तितका तो मोठा.

हे झाड मूळचं आपलं नव्हे, अमेरिका खंडातून आलेलं. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीनं जैवइंधनासाठी याचीच शिफारस केली आणि मग पडीक जमिनीवर, बांधावर, रस्त्याच्या कडेला याची रोपं लावण्याची लाट आली. बियांचं डिझेल होणार, शेतकऱ्याला पैसा मिळणार, असं सांगितलं गेलं. अनेकांच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. झाडं मात्र राहिली.

चुकीच्या खुणा

कुठलं फळ खावं आणि कुठलं नाही, याबद्दल गावोगाव काही ठोकताळे ऐकू येतात. ते निम्मे खरे असतात, म्हणूनच जास्त धोक्याचे.

‘पाखरं खातात ते माणसाला चालतं.’ चालत नाही. कोकणात धनेश पक्षी काजऱ्याची फळं आनंदानं खातो. या काजऱ्यालाच कुचला म्हणतात आणि त्याच्या बियांतलं विष माणसाला झटके आणून मारतं. फळ दिसायला मात्र लहान संत्र्यासारखं केशरी.

‘चीक निघतो ते विषारी.’ मग करवंदाचं काय? फांदी मोडा, कच्चं फळ तोडा, दुधासारखा चीक येतो. आणि त्याच्याच कुळातली पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तिलाही तसाच चीक. एक रानमेवा, दुसरी हृदयाचे ठोके बंद पाडणारी. बिट्टीची त्रिकोणी फळं पोरं खेळायला घेतात, म्हणून तिच्याकडं जास्त लक्ष हवं. देवाला फुलं होतात म्हणून ती दारोदारी, देवळापुढं असते.

‘कडू लागलं तर थुंकायचं, गोड लागलं तर खायचं.’ चंद्रज्योतीचं वर सांगितलंच.

‘पिकलं की विष जातं.’ काही फळांच्या बाबतीत हे खरं आहे. कांगोणीचं हिरवं फळ बाधतं, काळं झालेलं गुराखी पोरं खातात. कागदी फुग्यासारख्या आवरणातली चिरबोटी, कुणी तिला रानपोपटी म्हणतं, पिवळी झाल्यावर गोड, हिरवी असताना खाऊ नये. घाणेरीचं, म्हणजे टणटणीचं, हिरवं फळ विषारी आणि काळं झालेलं पोरं चोखतात. पण एकाच घोसात दोन्ही असतात, आणि चार वर्षांच्या पोराला तो फरक कळत नाही. घाणेरीचा पाला खाऊन गुरांना कावीळ होते, उन्हात कातडी फाटते, हे शेतकऱ्यांना ठाऊकच आहे. तेव्हा ती सोडलेलीच बरी. आणि गुंज, धोतरा, एरंड, बिट्टी यांचं विष पिकल्यानं जात नाही. भुईरिंगणीची पिवळी, गोटीएवढी फळंही वांग्याच्या जातीची दिसली तरी खाण्याची नव्हेत.

मग खूण कोणती? आजींना विचारलं तर त्यांनी फळाचं नावच काढलं नाही. “आदी झाड बघावं. पान कसं, काटा कसा, सरळ का वाकडा, वास कसा, कुठं उगावलंय. फळ शेवटाला.” नुसतं फळ कुणी हातात आणून दिलं तर त्या स्वतः खात नाहीत. “झाड दाव,” म्हणतात. करवंदाचे काटे जोडीजोडीनं, पान जाड आणि चकचकीत. तोरणाचा काटा वाकडा, फळ पांढरं, बोराच्या जातीचं. आळूचं झाड काटेरी, फळ लहान आणि पिकल्यावर तपकिरी. उंबर आधी फोडून बघायचं, आत किडे नसतील तर नशीब.

आणि एकाच फळात अन्न आणि आग शेजारी शेजारी असू शकतात, हे बिब्ब्याइतकं कुणी शिकवत नाही. बिब्ब्याचा केशरी, मांसल भाग वाळवून, भाजून खातात. त्याच्या टोकाला असलेल्या काळ्या बीच्या कवचातलं तेल अंगाला लागलं तर कातडी उतते. आणि तीच बी युक्तीनं फोडली की आतून गोडंबी निघते, जी आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो. हे कुणी पहिल्यांदा शोधलं असेल त्याच्या हाताला किती फोड आले असतील कोण जाणे.

जुन्या माणसांना ठाऊक नसलेला एक धोका अलीकडं वाढला आहे. चिरबोटी, कांगोणी, बांधावरची बोरं ही शेताच्या कडेला येतात, आणि बांधावर आता तणनाशक मारलं जातं, पिकावर कीटकनाशक. फळ ओळखीचं, खात्रीचं, पण परवाच फवारा बसलेलं. फवारणी केलेल्या रानाच्या बांधावरचं काहीही पोरांनी खाऊ नये. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यानंही वाडीवर दोन शब्द सांगून ठेवावेत, बांधावर एखादं लाल फडकं बांधलं तरी चालेल. धुतल्यानं सगळं जातं असं समजू नये.

खाल्लंच तर

मुलानं काही खाल्ल्याचा संशय आला तर पहिली गोष्ट, मारू नका. आमच्या वेळी मारामुळं चार-पाच तास गेले. गोडीनं विचारा, बरोबर कोण होतं ते विचारा, कारण एकानं खाल्लं असेल तर आणखी तिघांनी खाल्लेलं असतं आणि ते घरी गप्प बसलेले असतात.

मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. ही जुनी पद्धत आता डॉक्टर मना करतात. मिठाच्या पाण्यानं लहान मुलाला वेगळाच अपाय होतो आणि गुंगीत असलेल्या पोराला ठसका लागून उलटी छातीत जाते. तोंडात उरलेलं काढून टाका, तोंड धुवा. शुद्धीवर असेल आणि जुलाब होत असतील तर ओआरएस किंवा साखर-मिठाचं पाणी घोटघोट द्या. दूध, ताक, लिंबू, अंगारा यांच्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, पण डोंगरातल्या वाडीला ती पोचेपर्यंत गावातली जीप मिळत असेल तर जीपनं निघा आणि वाटेत गाठ घाला.

निघताना त्या झाडाची पानाफळासकट फांदी बरोबर घ्या. उरलेल्या बिया, टरफलं पिशवीत घाला. ‘कसल्या तरी बिया खाल्ल्या’ एवढं ऐकून डॉक्टरांना फार काही करता येत नाही. धोतरा खाल्ला असेल तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, पोर असंबद्ध बडबडतं. अशा वेळी बाहेरची बाधा म्हणून भगताकडं नेल्याची उदाहरणं मला ठाऊक आहेत. बिट्टी आणि गुंज यांचं तर असं आहे, की पोर पहिल्यांदा ठीक दिसतं. ठीक दिसतंय म्हणून घरी ठेवू नका. गुंजेचा परिणाम काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसतो, आणि बिट्टी खाल्लेल्याच्या हृदयाची तपासणी जिथं होते अशा मोठ्या रुग्णालयात न्यावं लागतं.

सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक यांना एकच काम सांगायचं आहे. शाळा आणि अंगणवाडी यांच्या आवाराला एक फेरी मारा. चंद्रज्योत, बिट्टी, धोतरा, गुंजेचा वेल तिथं असेल तर काढून टाका. रानातल्या झाडांवर कुऱ्हाड चालवण्याची गरज नाही, पोरांच्या हाताशी आहेत तेवढी काढायची. कुंपणाला दुसरं काही हवं असेल तर करवंदच लावावं. काटेरी आहे, गुरं आत येत नाहीत, आणि पोरांनी खाल्लं तरी फार तर ओठ चिकटतील.

दुसरं, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर २०१९-२० च्या सुमारास या नोंदवह्या घाईघाईनं तयार झाल्या. आपल्या गावची एकदा कपाटातून काढून बघा. त्यात करवंद, जांभूळ, आंबा असेल. गुंज आहे का? कांगोणीचं कधी खायचं, कधी नाही, हे आहे का? याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घरात जपलं, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी मडक्यात ठेवता येतं. आजींच्या डोक्यातली पारख कशात ठेवणार? नोंदवहीचं कोरं पान त्यासाठीच आहे, आणि वाडीवरच्या दोन म्हाताऱ्यांना शाळेत बोलावून फांद्या दाखवायला एक दुपार पुरते. मात्र ती दुपार पावसाळ्याच्या शेवटी हवी, जेव्हा बोंडं झाडावर असतात.

वनहक्क कायदा २००६ चा. परंपरेनं गौण वनोपज गोळा करणाऱ्यांचा हक्क त्यात मानला आहे. तेव्हा पाटीभर करवंदं घेऊन उतरणाऱ्या बाईला नाक्यावर कुणी अडवू नये, एवढंही जाता जाता.

परतताना आजींनी मला एक द्रोण दिला, पैसे घेतले नाहीत. पुढच्या आठवड्यात येऊ का विचारलं तर आभाळाकडं बघितलं. पश्चिमेला ढग जमायला लागले होते. “पाऊस पडला की करवंद खायाचं न्हाई. आळी व्हती. मंग जांभळाला ये.” नात तोवर अंगणात बसून, ओढणीत आणलेली करवंदं पाण्यात टाकून चीक काढत होती. गुंजेच्या दोन बिया तिच्या मुठीत नव्हत्या, हे मी बघून घेतलं.